तांडेल सर आणि खळ्यावरचा वारा

तांडेल सरांना घाट लागायचा. घरात पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर जाणारी माणसं, लहानपणी स्वतः बापाबरोबर होडीवर गेलेले. लाटांवर कधी काही झालं नाही म्हणायचे. पण एस.टी. विक्रमगड सोडून जव्हारच्या वळणांना लागली की त्यांचं डोकं खिडकीबाहेर. स्टँडवर उतरल्यावर पहिली पाच मिनिटं ते कुणाशी बोलत नसत. बाकावर बसून लिंबू हुंगत. मग रुमालाने तोंड पुसून म्हणत, "हां बाई, दाखवा आता तुमचा वारा."

जसा काही मी तो कपाटात ठेवला होता.

सर गेले त्याला आता दोन वर्षं होतील. त्यांच्यासाठी घेतलेल्या सभेत 'ऋषितुल्य' हा शब्द तिघांनी वापरला. सर ऋषितुल्य अजिबात नव्हते. हट्टी होते. सुकटीशिवाय दोन दिवस गेले तर चिडचिड करायचे. बारा जागा दाखवल्या तर नऊ जागांना नाही म्हणायचे आणि तेही लोकांच्या तोंडावर. त्यांनी एकदाच चुकीच्या जागेला हो म्हटलं. त्या होकारात माझा हात होता, आणि सभेत ते कुणी बोललं नाही, मीही नाही. म्हणून हे लिहिते आहे.

मी तेव्हा जव्हारमधल्या एका लहान संस्थेचं काम पाहत होते. मोखाडा आणि जव्हारच्या डोंगरांतल्या पाड्यांवर विजेच्या तारा पोचल्या आहेत, मीटरही आहेत. पण आषाढात एखादं झाड तारेवर पडलं की ओहोळ उतरेपर्यंत दुरुस्तीला कुणी येऊ शकत नाही. आम्ही आधी सौर दिवे लावले. ते मे महिन्यात झकास चालले. श्रावणात, जेव्हा सूर्य पंधरा-पंधरा दिवस तोंड दाखवत नाही, तेव्हा ते खुंटीला टांगून ठेवावे लागले. पण त्याच दिवसांत वारा मात्र सोसाट्याचा असतो. म्हणून छोट्या पवनचक्क्या. देणगीदारांना ही कल्पना फारच आवडली. पवनचक्की फोटोत छान दिसते.

सर डहाणूकडचे. आयटीआयमध्ये वायरमन-इलेक्ट्रिशियन घडवून निवृत्त झालेले आणि नंतर हौस म्हणून वारा मोजत फिरणारे. पहिल्या दिवशी ते ऑफिसात आले तेव्हा भिंतीवर नकाशा होता आणि त्यात बारा लाल टाचण्या.

"ह्या कोणी टोचल्या?"

"मी."

"कशावरून?"

"सगळ्यात उंचावरचे पाडे निवडले."

सरांनी चष्मा पुसला. "ताडावर चढलेल्या माणसाला वारा लागतो, कारण ताड उघड्यावर असतो. चौथ्या मजल्याच्या जिन्यात बसलात तर लागेल का? तीही उंचीच की."

पुढच्या तीन महिन्यांत त्यांनी नऊ टाचण्या उपटल्या आणि एका वाटीत घालून माझ्या टेबलावर ठेवल्या. पाड्यांवर त्यांचं नाव 'नायवाले सायेब' पडलं. सरांना ते कळलं, आणि मला वाटतं आवडलंही.

पाड्यावर पोचल्यावर ते आधी आभाळाकडे बघत नसत, घरांच्या कुडाकडे बघत. पावसाळ्याआधी इथली माणसं झडीच्या बाजूच्या कुडाला गवताचा किंवा पळसाच्या पानांचा पडदा बांधतात. तो कुठल्या बाजूला आहे, किती जाड आहे, मधेच फाटून दुसरा बांधावा लागतो का, हे सगळं वहीत जायचं. मग सर थेट चुलीपाशी. "बाय, धूर उलटा घरात कधी येतो?" बायका आधी लाजत, मग तासभर बोलत. पुरुष अंगणात खुर्ची मांडून वाट बघत बसलेले. एकदा एक सरपंच वैतागले.

"सायेब, वाऱ्याचं आमाला विचारा ना. बायांना काय कळतं?"

"तुम्ही वाऱ्यावर गप्पा मारता, दादा," सर म्हणाले. "ह्यांना वाऱ्यात चूल पेटवायची असते."

आतून कुणीतरी मोठ्याने हसलं. सरपंचही हसले, पण जरा उशिरा.

त्यानंतर पतंग. मोठा, भगव्या कापडाचा, आणि त्याच्या दोरीला हात-हात अंतरावर जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधलेल्या. पतंग वर गेला की सर पतंग सोडून चिंध्या बघत. वरच्या चिंध्या एका दिशेला सरळ फडफडत. खालच्या, घरांच्या आणि झाडांच्या उंचीच्या, गिरक्या घेत. "जिथपर्यंत चिंधी गिरक्या घेते तिथपर्यंत वारा झिंगलेला आहे," ते म्हणत. "झिंगलेल्या वाऱ्यात पातं लावलं की ते वर्षात मोडतं. खांब त्याच्या वर गेला पाहिजे. जात नसेल तर जागा सोडा." वारा मोजायचं तीन वाट्यांचं यंत्र ते पत्र्याच्या पेटीत ठेवत आणि त्याच पेटीत सुकटीची पुडी. मुंबईहून आलेल्या एका इंजिनियर बाईंनी मोठ्या आदराने ती पेटी उघडली आणि तितक्याच तातडीने मिटली.

"समुद्रावरचं यंत्र आहे," सर शांतपणे म्हणाले.

नाही म्हणताना त्यांना भीड कशी ती ठाऊक नव्हती. दाभोशाच्या बाजूला पर्यटकांसाठी खोल्या बांधलेल्या एका गृहस्थांनी आम्हाला बोलावलं. त्यांना गच्चीवर पवनचक्की हवी होती. जवळ नदी आहे, धबधबा आहे, म्हणजे वारा असणारच, असा त्यांचा हिशेब. सरांनी पतंगाची दोरी त्यांच्याच हातात दिली. पतंग गच्चीच्या वर गेला, दोन कोलांट्या मारल्या आणि पाण्याच्या टाकीमागे जाऊन पडला. दुसऱ्यांदाही तेच.

"दरीत बसलाय तुम्ही," सर म्हणाले. "वारा तुमच्या डोक्यावरून जातो. खाली येतो तो उरलासुरला."

"पण काका, दिसायला तर भारी दिसेल ना? लोक फोटो काढतील."

"मग पत्र्याची खेळण्यातली बसवा. ती खऱ्यापेक्षा जास्त फिरेल आणि स्लॅबला तडे जाणार नाहीत."

गृहस्थ दुखावले, तरी त्यांनी आम्हाला जेवायला थांबवलं. सर पोटभर जेवले, भाताचं कौतुक केलं, आणि निघताना जीपमधून मान बाहेर काढून पुन्हा म्हणाले, "खरी बसवू नका हां. तडे जातील."

यंत्र निवडतानाही तोच प्रकार. शहरातून एक विक्रेता गुळगुळीत माहितीपुस्तिका घेऊन आला होता. एक किलोवॅटचं यंत्र, वजनाला हलकं, दिसायला देखणं.

"एक किलोवॅट कुठल्या वाऱ्याला?" सरांनी विचारलं.

"सेकंदाला बारा मीटर, सर."

"एवढा वारा सुटला की इथं लोक छपरावर धोंडे ठेवून आत बसतात. पाच मीटरला काय देते?"

विक्रेत्याने पानं उलटली. "ते दिलेलं नाही, सर."

"मग पात्यांचा घेर सांगा. तो तरी खोटा नसेल." सरांनी पिशवीतून टेप काढला. "किलोवॅट कागदावर असतो हो. वारा पकडतं ते पातं. तुम्ही मला जाळं केवढं ते सांगा, मासळी किती मिळेल ते मी सांगतो."

त्यांनी शेवटी निवडलं ते यंत्र ओबडधोबड होतं. मोठी पाती, जड जनरेटर, हळू फिरणारं. देणगीदारांचा माणूस म्हणाला, हे जुनाट दिसतं. सर म्हणाले, मीही दिसतो. खांबाच्या बाबतीत तर त्यांची एकच अट होती: तो बुंध्याशी बिजागरावर वळणारा हवा, म्हणजे गावातल्या माणसांना दोर लावून आडवा करता आला पाहिजे. "इथं क्रेन येणार आहे का? आमच्याकडे डोलकाठी उतरवायला बाहेरून माणूस बोलवत नाहीत." आणि जागेच्या बाबतीत: "पाहुणा वारा मला नको. कधीतरी येईल, भांडी आपटेल, जाईल. भाडेकरू पाहिजे. रोज घरी येणारा."

आता वरचा पाडा. मोखाड्याच्या पुढे, डोंगराच्या एका सोंडेच्या कुशीत वीस-बावीस घरं. खालचा पाडा आणि वरचा पाडा यांच्यामध्ये एक ओहोळ, जो पावसात कुणाला पलीकडे जाऊ देत नाही. ज्या बायकांचे दिवस भरत आलेत त्यांना आधीच दवाखान्याजवळ नेऊन ठेवायचं, असं ठरलेलं असतं; पण पोरं कॅलेंडर बघून येत नाहीत. ओहोळ भरला की नर्सबाई खाली आणि बाळंतीण वर. वर असते ती फक्त चैतीबाय, पाड्याची सुईण, साठीची, हातापायाने काटक आणि जिभेला फार धार.

पहिल्या बैठकीत पुरुषांनी पंप मागितला, टीव्ही मागितला, पिठाची चक्की मागितली. चैतीबाय शेवटी बोलली.

"मना बाकी काय नको. बाळंतिणीच्या घरात उजेड द्या. पावसात भरदुपारी घरात अंधार. नाळ कापताना मना माझाच हात दिसं नाय."

सरांनी वहीत एवढंच लिहिलं: उजेड, बाळंतीण, पावसाळा. पंपाचं लिहिलं नाही.

ही आमची पहिली फेरी मार्गशीर्षातली. पाड्याच्या पूर्वेला एक खळं आहे, शेणाने सारवलेलं, आणि त्यावर बायका नागली उपणत होत्या. सूप खांद्याच्या वर धरायचं, दाणे हळूहळू सोडायचे. दाणा पायाशी, भुसा पलीकडे. भुसा एका सरळ रेषेत पडत होता, जणू कुणी दोरी धरून आखलं आहे. सर अर्धा तास बघत उभे राहिले.

"बाई, बघताय ना? एक गिरकी नाही. ह्यांच्या पणज्यांनी ही जागा धरली. इतक्या पिढ्या इथं वारा चुकला नाही." मग चैतीबायला विचारलं, "खळ्यावर वारा असतो ना कायम?"

"असतो तं. नाय तं खळं कशाला केलं असतं?"

सर इतके खूश झालेले मी त्याआधी पाहिले नव्हते. वाट्यांचं यंत्र तिथेच बांबूवर चढलं. वैशाखापर्यंतचे आकडे बरे आले. तरी सर म्हणाले, "एक पावसाळा मोजू. त्याशिवाय मी कुठं खांब रोवत नाही."

आणि तिथे मी मधे पडले. यंत्र येऊन आमच्या शेडमध्ये पडलं होतं. देणगीदारांची मुदत संपत होती. शिवाय मोजण्यात हा पावसाळा घालवायचा म्हणजे चैतीबायला आणखी एक पावसाळा अंधार. माझे मुद्दे काही खोटे नव्हते. मी म्हणाले, "तुम्हीच म्हणालात ना, पिढ्यान्‌पिढ्या इथं वारा चुकला नाही?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. "म्हणालो खरा."

"मग?"

"ठीक आहे. बसवा."

बसवूया नाही म्हणाले. बसवा म्हणाले. ते माझ्या ध्यानात आलं होतं. मी पुढे गेले.

वैशाखाच्या शेवटी खांब उभा राहिला. फोटो झाले, नारळ झाला. मग पाऊस आला आणि आषाढात एक दिवस चैतीबाय दोर धरून ओहोळ ओलांडून खालच्या पाड्यावर आली, कारण मोबाइलला रेंज तिथेच मिळते.

"मॅडम, तुमचा पंखा झोपलाय."

"वारा नाही का?"

"वारा? वर रानात झाडं लोळतात. हा आपला जागेवर उभा राहून मान हलवतो. इकडं नि तिकडं. नाय नाय करतो. तुमच्या सायेबासारखा."

सर दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.ने आले. लिंबू हुंगायला थांबले नाहीत. ओहोळात दोघांनी त्यांना दंडाला धरून पलीकडे घेतलं. खळ्यावर पोचलो तेव्हा चक्की खरंच तशीच उभी होती; दोन फेरे घ्यायची, थांबायची, शेपूट डावीकडून उजवीकडे आपटायची. सरांनी यंत्र काढलं नाही, पतंग काढला नाही. फक्त मान वळवून पाड्यामागच्या सोंडेकडे बघितलं. सोंडेच्या माथ्यावरचं गवत सगळं आमच्या दिशेने झोपलेलं होतं. वारा त्या माथ्यावरून धावत येत होता आणि आमच्या डोक्यावरून पार पलीकडे जात होता. आम्ही त्याच्या आडोशाला उभे होतो.

त्यांना एका मिनिटात कळलं असावं. 

"नागली कधी उपणतात, बाई? थंडीत. थंडीतला वारा पूर्वेकडून येतो. खळं पूर्वेला उघडं आहे, म्हणून तिथं. पावसाचा वारा समुद्रावरून येतो, पश्चिमेकडून. आणि पश्चिमेला ही भिंत." मग म्हणाले, "होडीवर पहिल्या दिवशी शिकवतात हे. कुठल्या महिन्यात वारा कुठून. मी पोरांना शिकवलंय हे."

चैतीबाय इरलं पाठीवर घेऊन बाजूला उभी होती. "दादा, तुमी विचारलं, खळ्यावर वारा असतो ना? मी म्हटलं असतो. उपनायला असतो. पावसात कोन उपनतो?"

"पावसातला वारा कुठं असतो ते मी विचारलं नाही."

"नाय विचारलं."

"विचारलं असतं तर?"

"तं वर नेलं असतं. चला आता, पाय धड हायेत तोवर."

सोंडेच्या माथ्यावर उभं राहताच येत नव्हतं. सरांची टोपी गेली ती गेलीच. ते एका खडकाला धरून पश्चिमेकडे तोंड करून उभे राहिले, डोळे मिटून, दहा-पंधरा मिनिटं. मला वाटलं दमले. मग ओरडून म्हणाले, "घरी आहे! भाडेकरू घरी आहे!"

मी म्हणाले, पाऊस संपला की हलवू. तेच शहाणपणाचं होतं. सरांनी माझ्याकडे लक्ष दिलं नाही. "चैतीबाय, कुणाचे दिवस भरलेत?"

"दोघींचे. श्रावणात."

"झालं तर."

त्यानंतर आठ दिवस ते वरच्या पाड्यावर राहिले. सिमेंट वर नेणं शक्यच नव्हतं. सरांनी खड्डे खणून घेतले, त्यात ऐनाचे ओंडके आडवे पुरले, वर धोंड्यांचा ढीग आणि त्या ओंडक्यांना खांबाच्या ताणतारा बांधल्या. "वाळूत नांगर असाच पुरतो आम्ही." खळ्यावरचा खांब दोर लावून आडवा केला, आणि मग पाड्यातली सगळी माणसं, बायका धरून, तो तुकड्या-तुकड्याने निसरड्या वाटेने वर घेऊन गेली. सर काठी टेकत मागून, सूचना देत. सूचना कुणी ऐकत नव्हतं, कारण वाऱ्यात ऐकूच येत नव्हत्या.

चक्की फिरली. अशी फिरली की पोरांनी कान झाकले. पण तार खळ्यापासून चैतीबायच्या घरापर्यंतची होती. सोंडेवरून खाली यायला ती निम्मीसुद्धा पुरेना. मग सरांनी बॅटऱ्या वर नेल्या, लाकडं आणि पानांचं खोपट करून त्यात ठेवल्या. भरलेली बॅटरी खाली आणायची, रिकामी वर न्यायची. इथे आजारी माणसाला बांबूला चादर बांधून, त्या झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत नेतात. बॅटरी तशीच झोळीतून ये-जा करू लागली, दोन खांद्यांवर.

चैतीबाय दारात बसून ती मिरवणूक बघायची. "आमची मानसं झोळीतनं जातात, ती कधी परत येतात, कधी नाय. ही बया बघा. मरून जाते नि रोज जित्ती होऊन येते."

श्रावणातली दोन्ही बाळंतपणं उजेडात झाली. त्यातलं एक बाळ दुसऱ्या दिवशी पिवळं दिसायला लागलं. चिमणीच्या उजेडात ते कुणाला दिसलं नसतं, कारण चिमणीच्या उजेडात सगळेच पिवळे दिसतात. चैतीबायला पांढऱ्या दिव्याखाली ते दिसलं, आणि ओहोळ जरा उतरताच बाळ-बाळंतिणीला झोळीतून खाली नेलं. ते पोर आता खळ्यावर कोंबड्यांच्या मागे धावतं.

वर्षाचा अहवाल सरांनी स्वतः लिहून आणला. त्यात एका पानाला मथळाच होता: 'चूक'. खाली सरळ लिहिलं होतं: जागेची निवड चुकली, खळ्यावरचा हिवाळी वारा पाहून पावसाळ्याचा अंदाज केला, पावसाळा न मोजता खांब उभारला. निवड करणारा: तांडेल.

मी म्हणाले, "हे असं पाठवतात का कुणी? 'जागेचा पुनर्विचार' म्हणू."

"पुनर्विचार मी नाही केला. चैतीबायने केला."

"आणि मुदतीची घाई माझी होती."

"घाई तुमची. होकार माझा." त्यांनी कागद माझ्याकडे सरकवले. "उद्या दुसरा कुणीतरी डोंगरात खळं बघून असाच खूश होईल. त्याला हे पान मिळालं पाहिजे."

अहवाल तसाच गेला. माझं नाव त्यात नव्हतं, आणि मी ते घातलं नाही. देणगीदारांनी ते पान वाचलं की नाही ठाऊक नाही. त्यांचं उत्तर फोटोंबद्दल होतं.

पुढच्या पावसाळ्यापर्यंत तार पूर्ण झाली, बॅटऱ्या चैतीबायच्या घरात आल्या. श्रावणात आम्ही दोघं पाहणीला गेलो. तीन दिवस वादळी वारा होता, म्हणून पाड्यातल्या लोकांनी सर सांगून गेले होते त्याप्रमाणे ब्रेकचा खटका ओढून चक्की थांबवून ठेवली होती. बरोबरच केलं होतं. फक्त त्यामुळे बॅटऱ्या तळाला गेल्या होत्या. आणि आम्ही पोचलो त्या दुपारी चैतीबायची नात, सोमी, कळा देत होती. महिनाभर आधीच. ओहोळ आमच्या मागोमाग भरला होता.

घरात दिवा होता, पण विझत चालला होता. चैतीबाय दारात आली. हाताला तेल. मी तिला पहिल्यांदाच घाबरलेली पाहत होते.

"दादा, पोर आडवं हाय. मना दिसाया पायजे."

सरांनी माथ्याकडे बघितलं. जोराचा झोत आला की चक्कीचं शेपूट घडी घालून पात्यांना वाऱ्याच्या तोंडातून बाजूला वळवतं. त्या शेपटाचं बिजागर गंजून अडकत होतं. आम्ही ते बदलायलाच आलो होतो. ब्रेक काढला आणि मोठा झोत पात्यांवर सरळ आला, तर पाती तुटून जाणार होती, आणि वारा तर झोतांचाच होता.

"किती वेळ पाहिजे?" सरांनी विचारलं.

"ते पोराला विचारा."

सर वर निघाले. मी म्हणाले, "सर, पातं मोडलं तर खाली उभ्या माणसाचं काही राहणार नाही." ते म्हणाले, "झोत पाण्यावरून येताना आधी दिसतो, बाई. गवतावरही दिसत असेल." आणि गेले.

मी घराच्या दारात उभी होते. तिथून माथा दिसत होता. सर खांबापासून जरा दूर, खटक्याच्या पेटीपाशी गुडघ्यावर बसले होते, तोंड पश्चिमेच्या उताराकडे. त्यांनी खटका सोडला. पाती फिरू लागली. थोड्या वेळाने खटका ओढला, पाती अडली. त्याच क्षणी माथ्यावरचं सगळं गवत आडवं झालं आणि माझ्या मागे छपराचे वासे वाजले. झोत गेला. खटका सुटला. पुन्हा पाती. पुन्हा थांबली, आणि पुन्हा मागोमाग झोत. मला खालून झोत आल्यावर कळत होता. त्यांना आधी कळत होता. घरात दिवा विझला नाही. कण्हणं आणि चैतीबायचा दटावणारा आवाज येत होता. हे किती वेळ चाललं मी सांगू शकत नाही. मी घड्याळ बघणारी बाई आहे, पण त्या दिवशी बघितलं नाही.

मग आतून एक बारीक, चिडका आवाज आला आणि चैतीबाय ओरडली, "पोरगी! दोघी जित्त्या हायेत! सांगा वर!"

मी चढत गेले. माथ्यावर पोचले तेव्हा सर चिंब होते, ओठ निळसर.

"सोमीला मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत."

"उजेड होता ना शेवटपर्यंत?"

"होता."

त्यांनी उताराकडे एकदा बघून खटका ओढला. पाती थांबली. "तीन झोत हुकले माझे," ते म्हणाले. "नशीब म्हणायचं. बाई, ते बिजागर लिहून घ्या. पितळी पाहिजे. लोखंडी चालणार नाही इथं."

मी लिहून घेतलं. मी चला म्हणाले, तर सर म्हणाले, तुम्ही व्हा पुढे, मी आलोच. थोडं उतरून मी मागे वळले. ते तिथेच खटक्यापाशी बसले होते. चक्की थांबली होती, तरी खाली पाड्याकडे न बघता ते अजूनही पश्चिमेच्या उतारावरचं गवत बघत होते.